यंत्राची मास्तरीण

मी कॅमेऱ्याच्या डोळ्यात कुंकू घातलं.

हसा. मीही हसते. आमच्या मागवाल्यांच्या घरात खंडेनवमीला मागाची पूजा होते. नवं यंत्र दारात आलं की आधी हळदकुंकू, मग बटण. शिलाईचं मशीन असो नाहीतर गिरणी. मग कारखान्यात ती कपाळाला बांधायची काळी पट्टी आली, तिच्यावर बोटाएवढा कॅमेरा, तर मी काय करणार? करंडा घेऊनच गेले होते. यंत्राचं कपाळ कुठलं ते कळेना. मधोमध जे चमकत होतं, तिथं बोट टेकवलं.

पुण्याहून आलेला साहेब किंचाळला, "अहो, काय केलंत हे? कुणी आणलं या बाईला?"

नातवाच्या वयाचा पोरगा. रुमालानं काच पुसत राहिला. कुंकू पुसलं जाईना, पसरत गेलं. टेबलाभोवतीच्या सगळ्या बाया खोखो हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? मी. आपल्याला कुणी झापलं की आपणच आधी हसायचं, ही सवय मला लहानपणापासून आहे. फार सोयीची सवय. समोरच्याला वाटतं, हिला काही लागलंच नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. नवऱ्याचा, म्हणजे आमच्या म्हाताऱ्याचा, माग बंद पडल्यापासून मी तिथं फिनिशिंगच्या टेबलावर. सुटे धागे कापायचे, टॉवेल झटकायचा, घडी घालायची. शेजारी माझी सून सुनंदा, तेच काम. दिवसभर नाकात सुताचा भुगा आणि तोंडात गप्पा.

साहेबानं समजावलं, "आज्जी, तुम्ही नेहमीसारखं काम करायचं. कॅमेरा तुमच्या डोक्यावर. तो तुमचे हात बघणार आणि त्यावरून मशीन शिकणार. तुम्ही मशीनच्या टीचर!"

टीचर! चौथीत नापास होऊन शेण गोळा करायला गेलेली बाई यंत्राची मास्तरीण झाली. मी लगेच केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला. म्हटलं, "थोबाड बरं दिसतंय का?"

"चेहरा येत नाही त्यात. चेहरा नकोच आहे आम्हाला. फक्त हात."

मग त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. "आणि त्या बांगड्या काढा. चमकतात. मशीन गोंधळतं."

माझा म्हातारा घरी खाटेवर बसून रेडिओ ऐकत होता. जिवंत, ठणठणीत, चहात साखर कमी पडली म्हणून भांडणारा. आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि ही बाई, मागच्या वर्षीची मी, मोरीत गेली, मनगटाला साबण लावला आणि एकेक हिरवी बांगडी ओढून काढली. शेवटची काढताना पिचली. काच रुतली. रक्त आलं. तिनं ते साडीला पुसलं आणि हसत बाहेर आली. टीचर ना!

त्या बाईला आता धरून हलवावंसं वाटतं. पण तिनं ऐकलं नसतं. तिला कंपनीकडून स्टीलचा डबा भेट मिळाला होता.

पुढं तेच. डोक्यावर पट्टी, उघडे हात, समोर टॉवेलांचा ढीग. "बोलू नका." "हळू करा, आज्जी. अजून हळू." "परत करा." मान अवघडायची, पट्टीखाली कपाळ खाजायचं. सुटी झाली की उरलेल्या बांगड्या परत चढवायच्या. संध्याकाळी घरी येऊन मी गल्लीभर सांगत सुटायची, "यंत्राला शिकवती मी. माज्याबिगर त्येला घडी यीना!" शेजारणी म्हणायच्या, "व्हय की, मास्तरीणबाई." मी तेही खरं धरायची.

सुनंदाची लेक, माझी नात अक्षता, कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. त्याच साहेबानं तिलाही घरबसल्या काम दिलं होतं. लॅपटॉपवर व्हिडिओ यायचे आणि ती त्यातल्या हातांभोवती चौकट काढायची. उजवा हात, डावा हात, वस्तू. तिचे कॉलेजातले सर म्हणाले होते, आता हेच शिका, पुढं सगळं हेच असणार.

एका रविवारी दुपारी मी तिच्यामागं बसून शेंगा फोडत होते. पडद्यावर दोन हात टॉवेल झटकत होते. सुरकुतलेले, मनगटं बोडकी. मला बघवेना.

मी विचारलं, "कुना बिचारीचं हायत गं ह्ये?"

"नाव नसतंय, आज्जी. नुसतं हात असत्यात."

तेवढ्यात उजवा हात वळला. मनगटाच्या आत विंचवाचं गोंदण. वळसंगच्या जत्रेत मावशीनं गोंदवून घेतलेलं. मी तेव्हा एवढी रडले होते की विंचवाची नांगी वाकडीच राहिली. वाकडी नांगी पडद्यावर स्वच्छ दिसत होती.

अक्षता पडद्याकडे बघायला लागली. मग माझ्या हाताकडे. मी शेंगांचं ताट खाली ठेवलं.

"आज्जी, तुज्या बांगड्या कुटं गेल्या हितं?"

म्हातारा खाटेवरून बघत होता. त्याला काय ऐकू आलं, काय नाही, कोण जाणे. त्यानं रेडिओ बंद केला.

मी विचारलं, "ह्ये सगळं झालं म्हंजे घडी कोन घालनार?"

"यंत्राचा हात."

"मग तुज्या आईनं काय करायचं?"

ती हळूच म्हणाली, "आन मी तरी काय करनार, आज्जी? मी काढती त्या चौकटी बघून त्ये चौकटी काढायलाबी शिकतंय."

एका घरातल्या तीन पिढ्या. एकीचे हात नेले, दुसरीचं काम जाणार, तिसरी स्वतःच्या हातानं चौकट काढतेय. आणि मला वाटत होतं, मी टीचर.

रात्रभर तळमळले म्हणणार नाही, मी घोरते. पण सकाळी हात थांबेनात. भाकरी थापताना नीट, कंगवा धरताना नीट, आणि मध्येच कुठंतरी उगाच टॉवेल झटकल्यासारखे झटकायचे. आधी कासाराकडे गेले. दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या चढवल्या. मग कारखान्यात.

साहेबानं पट्टी पुढं केली. "आज्जी, बांगड्या?"

"असू द्या. आदी मला सांगा, यंत्र आलं की ह्या बायकांनला त्ये चालवायला शिकवनार का? का नुसतं आमच्याकडनंच शिकून घ्येनार?"

"ते कंपनी बघेल."

"कंपनी म्हंजे कोन? नाव सांगा की. व्हिडिओत माजं नाव तुमी घातलं न्हाय, निदान तिचं तरी सांगा."

तो हसला. वाईट पोरगा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. म्हणाला, "आज्जी, मशीन येईल तेव्हा तुम्ही कुठं असणार? कशाला टेन्शन घेता?"

बाया हसल्या. सवयीनं. या वेळी मी हसले नाही.

"मी नसंन. ही असंल की," मी सुनंदाकडे बोट केलं. मग पट्टी टेबलावर ठेवली. "बेडा."

आमच्या माहेरच्या कानडीत नको म्हणायला हाच शब्द. त्याला कळला नाही. टेबलावरच्या निम्म्या बायांना कळला. त्यांचं हसणं थांबलं.

तो म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही नाही तर दुसरं कुणी. सोलापुरात हात ढिगानं मिळतात." आणि वळून, "सुनंदाबाई, उद्यापासून तुम्ही."

सुनंदानं मान खाली घातली.

यंत्राशी माझं वैर नाही. हातमाग गेला, यंत्रमाग आला, तो आम्ही चालवला. पण तो माग कसा चालवायचा हे आम्हाला शिकवलं होतं. हे यंत्र आमच्याकडून शिकणार आणि आम्हालाच दाराबाहेर ठेवणार. माझे हात अजून चालतात. ते कुणाला काय शिकवतील, हे इथून पुढं मी ठरवणार. विचारल्याशिवाय एक घडीसुद्धा नाही. डबा मात्र परत दिला नाही. खुळी होते, पण एवढी नाही.

घरी आल्यावर सुनंदानं भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की म्हातारा दचकला. मला वाटलं, आता बोलणार. तुमचं वय झालं, माझं काम का घालवता, म्हणणार. तिचं चुकलंही नसतं. एवढी वर्षं एका टेबलाला उभ्या राहिलो, तिनं मला कधी काही विचारलं नाही. मीही कधी काही शिकवलं नाही. नुसत्या चुका काढल्या.

तवा उतरवून ती माझ्यासमोर येऊन बसली. पिठाच्या हातांनीच. आणि म्हणाली,

"आत्याबाई, उद्या माज्या डोस्क्याला पट्टी बांदनार. काय बोलायचं त्ये शिकवा मला. आन हळू नगं, जोरात बोलायला शिकवा."