दस्तीच्या आतलं तोंड

फोन आला तेव्हा मी जालन्याच्या एमआयडीसीत एका मिलच्या गेटवर पत्रकं वाटत होते. शिफ्ट सुटायची वेळ. पहिल्यांदा मी फोन कट केला, कारण गेटवर फोन घेतला की माणसं पुढं निघून जातात. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पलीकडून सलीमभाई बोलले. वाटूरला निखिलच्या घराला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. एरवी त्यांचा आवाज रस्त्यापलीकडं जातो, त्या दिवशी मला तो नीट ऐकूही येईना. म्हणाले, "बेटा, तू वाटूरला नको येऊ. दवाखान्यात जा. निखिलला जालन्यालाच आणलंय." किती लागलंय, मी विचारलं. तू लवकर जा, एवढंच ते म्हणाले. मग मी हातातली उरलेली पत्रकं वाटून संपवली आणि गेले. का संपवली, ते मला सांगता येणार नाही. हात चालू होते, एवढंच.

निखिल माझा मावसभाऊ. रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभा केलेला ट्रेलर, पडत चाललेला अंधार, मागून येणारी बाइक. ही बातमी आपल्याकडं इतक्यांदा छापून आलीय की फक्त नाव बदलावं लागतं. याला अपघात म्हणायला मी तयार नाही. जे रोज होतं, ज्याचं कारण पोलिसांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं, त्याला अपघात म्हणणं हा निर्लज्जपणा आहे. असं मी कितीतरी जणांसाठी लिहिलंय, ठळक टायपात, खाली मागण्या टाकून. निखिलसाठी लिहायला बसले तर मागण्या लिहून झाल्या आणि वरची जागा कोरीच राहिली... त्याच्याबद्दल काय लिहायचं तेच सुचेना. आता काही आठवडे गेलेत. सुचतंय असं आजही म्हणणार नाही, पण जे झालं ते क्रमानं सांगता येईल.

तो वाटूरला घरात बसून कॉम्प्युटरवर पात्रं घडवायचा. कुठल्या तरी लांबच्या कंपनीच्या गेमसाठी राक्षस, सैनिक, राजकन्या. मी त्याला खेळणीवाला म्हणायचे, तो मला पत्रकबाई. मी घरात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "मावशीची पोरगी आली गं आई, आता च्या पिऊन झाला की आपल्यालाबी सही करावी लागतीय." दुसऱ्यांचे राक्षस करून कंटाळला तेव्हा त्यानं स्वतःची एक बाई करायला घेतली. एका हातात ढालीसारखं धरलेलं सूप, कमरेला खोचलेला पदर आणि नाकातोंडावर घट्ट बांधलेली दस्ती, म्हणजे रुमाल. बियाण्यांच्या कंपनीत निवडणीला बसणाऱ्या बाया बांधतात तशी. माझी मावशी, म्हणजे त्याची आई, हंगामात टेम्पोनं तिथंच जाते. औषध लावलेल्या बियाण्याची गुलाबी धूळ घरी येईपर्यंत तिच्या भुवयांवर असते. पहिल्यांदा त्यानं पडद्यावर दाखवली ती बाई गेममधल्यासारखीच होती, मूठभर कंबर आणि पिळदार दंड. मावशी बघत राहिली आणि म्हणाली, "हिला आधी भाकर तर खाऊ घाल." दुसऱ्या दिवशी बाईची कंबर वाढली. मग त्यानं मावशीलाच अंगणात स्टुलावर बसवलं आणि चारी बाजूंनी फिरत फोटो काढले. हलू नको म्हणायचा आणि ती हसायची. पोरगा आपल्याभोवती असा फिरून राह्यलाय जसा वडाला दोरा गुंडाळतोय, असं म्हणून अजूनच हसायची.

पडद्यावरची बाई हातात यायला केवढं काम लागतं ते मी त्याच्याकडंच पाहिलं. कॉम्प्युटरमधल्या बाईला जाडीच नसते. पदर हवेत तरंगतो, दस्ती गालात घुसलेली असते, कुणाला काही फरक पडत नाही. पण वस्तू करायची तर प्रत्येक कापडाला जाडी द्यावी लागते, मग बाईचे तुकडे करावे लागतात. धड, दोन हात, सूप, डोकं. प्रत्येक जोडावर एकीकडं खुंटी, दुसरीकडं तिच्याच मापाचं भोक. ते तुकडे थ्रीडी प्रिंटरवर छापायचे, घासून गुळगुळीत करायचे, मातीत अर्धे पुरून वर सिलिकॉन ओतायचं. तो रबरी साचा वाळला की त्यात दोन बाटल्यांतलं रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक, मिसळून ओतायचं आणि घट्ट झालं की तुकडा बाहेर. असे सगळे तुकडे पिशवीत भरून द्यायचे. घेणाऱ्यानं ते घरी जोडायचे, रंगवायचे. याला किट म्हणतात. मी म्हणाले, सरळ जोडलेला पुतळाच दे ना लोकांना. त्यावर तो म्हणाला, पुतळ्याला लोक हार घालतात आणि निघून जातात, जोडायला दिलं तर दोन दिवस तिच्याजवळ बसतील तरी.

रेझिनमध्ये बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा हवेच्या दाबाखाली ठेवावा लागतो. त्यासाठी त्यानं पेंटरची एक जुनी टाकी आणली होती. ती उचलून शेजारी न्यायची आणि सलीमभाईंनी नळी लावायची. दर वेळी त्यांचा एकच प्रश्न, "किती भरू? ट्रकची का सायकलची?" आणि दर वेळी निखिलचं उत्तर, "बाईची भरा भाई, जपून."

आमचं भांडण झालं ते तोंडावरून. दस्ती त्यानं वेगळा तुकडा केली होती, काढता-घालता येईल अशी. म्हणजे तिच्याखाली अख्खा चेहरा घडवणं आलं. मी म्हणाले, तोंड झाकलेलंच ठेव, गोष्ट तीच आहे. बायांची तोंडं बांधलेली आहेत, हेच लोकांना दिसू दे. आत ओठ आहेत का दात आहेत, कुणाला दिसणार? त्यानं पडद्यावरचं तिचं डोकं माझ्याकडं वळवलं. मग म्हणाला, "ती घरी आल्यावर सोडणार न्हाई का दस्ती? का घरीबी तुझ्या पत्रकातच राहणार हाय?"

चेहऱ्यासाठी त्यानं भारीतलं सिलिकॉन मागवलं, बारीक रेषा उमटाव्यात म्हणून. माती मात्र नेहमीचीच घेतली, दुकानात शाळेच्या पोरांसाठी मिळते ती रंगीत. तिच्यात गंधक असतं. साध्या सिलिकॉनला ती चालत आली होती, पण भारीतलं गंधकाला लागलं की वाळतच नाही. बाकी सगळ्या तुकड्यांचे साचे झाले आणि चेहऱ्याचा साचा गुळाच्या पाकासारखा चिकट राहिला. बिनगंधकाची माती जालन्याला कुरिअरनं आली होती. ती घेऊन तो परत निघाल्ता.

दिवसकार्याला आलेले लोक म्हणायचे, मातीपायी गेला पोरगा. मी प्रत्येकाला उत्तर दिलं की मातीनं नाही, ट्रेलरनं मारलंय. मला वाटतं मी ओरडत होते. पण आतून काही येत नव्हतं, वाचून दाखवल्यासारखं वाटत होतं.

आमच्या संघटनेनं शोकसभा घ्यायचं ठरवलं. संजूदादा आमचे जुने कार्यकर्ते, त्यांच्याकडूनच मी पत्रक लिहायला शिकले. ते वाटूरला आले, साचे पाहिले आणि म्हणाले की कंपनीतल्या बायांना स्टेजवर ही मूर्ती देऊ, निखिलची आठवण. चेहऱ्याचा साचा नाही म्हटल्यावर म्हणाले, "चेहरा राहिला तर राहू दे. खाली नुसता गोळा ठेवून दस्ती चिटकवून टाकू. लोकांना काय कळतंय." माझंच वाक्य होतं ते, थोड्याफार फरकानं. मावशी चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलंही नाही. मी म्हणाले, न्हाई. संजूदादा समजावत राहिले, भावनेच्या भरात सभा पुढं ढकलू नको वगैरे. मी म्हणाले, "दादा, भावना-बिवना काही न्हाई. काम अर्धं हाय." खरंच तेवढंच होतं. त्या दिवसांत मला एवढीच एक गोष्ट नीट दिसत होती की त्या बाईला तोंड नाही आणि ते असायला पाहिजे.

पोलिसांनी दिलेल्या त्याच्या पिशवीत माती होती. कागद फाटलेला, लादी एका बाजूनं चेपलेली. मावशीनं ती परातीत घेतली आणि मळायला बसली.  तिनं ती कणकेसारखी मऊ केली, मी त्यात निखिलनं छापून ठेवलेला चेहरा अर्धा बसवला, सिलिकॉन ओतलं. या वेळी ते वाळलं. पहिलं रेझिन मात्र फसलं. पावसाळी हवा, बाटलीचं झाकण सैल राहिलेलं, दमट हवा लागली की ते फुगतं. चेहरा इडलीसारखा फुगून बाहेर आला. मावशी म्हणाली, "फुगला." तिनं तो बाजूला ठेवला आणि मी नवी बाटली उघडली. टाकी उचलून शेजारी नेली. सलीमभाईंनी काही न विचारता नळी लावली, काट्याकडं बघत हवा भरली आणि हात पुसत आत निघून गेले.

दुसरा चेहरा चांगला आला. साच्यातून सोडवताना आधी हनुवटी दिसली, मग ओठ, मग दात. स्टुलावरची मावशी. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. तिनं उजेडाकडं धरला, अंगठ्यानं कडेला उरलेली रेझिनची धार घासली.

"मी अशी हसती का गं?"

"अशीच."

"सगळे दात दिसून राह्यले की," ती म्हणाली आणि पुढचा साचा भरायला माझ्याकडं सरकवला.

सभेत बायांना आम्ही पिशव्या दिल्या, स्टेजवर न बोलावता, जागेवर जाऊन. चेहरा वेगळा, दस्ती वेगळी, काहीच चिकटवलेलं नाही. संजूदादा नाराज झाले, फोटो निघाला नाही म्हणून. भाषणात त्यांनी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं, टाळ्या वाजल्या. ट्रेलरबद्दलचं निवेदन आम्ही दिलंय, ते कुठल्या टेबलावर पडलंय ते मला माहीत आहे आणि ते तिथून हलवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. पण ते वेगळं पत्रक आहे, इथं नको.

एक किट मावशीनं स्वतः जोडलं. रंग दिला नाही. टीव्हीच्या बाजूला उभी आहे ती पांढरी बाई. निखिलनं खुंट्यांची मापं इतकी बराबर ठेवली होती की डिंक न लावताही दस्ती चेहऱ्यावर बसते, आणि नखानं ओढली की निघते. हंगाम सुरू झाला तशी मावशी पुन्हा टेम्पोनं जायला लागली. निघताना ती स्वतःची दस्ती बांधते आणि त्या बाईचीही बसवते. संध्याकाळी आली की आधी तिची काढते, मग आपली सोडून तोंड धुते. कुणी सांगितलेलं नाही, कधी सुरू झालं तेही मी पाहिलेलं नाही.

परवा मी वाटूरला गेल्ते. ती आली, डबा ठेवला, टीव्हीजवळ जाऊन बाईची दस्ती अलगद काढली, बाजूला ठेवली. मग समोर भिंतीला टेकून खाली बसली. बाई सगळे दात दाखवून हसत होती. मावशी तिच्याकडं बघत बसली... नाकातोंडावर दस्ती तशीच, भुवयांवर गुलाबी धूळ. सोडायची राहून गेली होती. मी चहा ओतला, कप तिच्यासमोर ठेवला. चहा निवत गेला.