चपट्या तारांचा आवाज

नव्वदच्या सुमारास मी जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. गिटारच्या तारा खडबडीत होत्या. बोट सरकलं की स्पीकरमधून किरकिर ऐकू यायची. म्हणून मुंबईहून चपट्या, गुळगुळीत तारा मागवल्या. पण त्यांनी आवाज फारच दबेल, अशी भीती वाटत होती.

आमचा कीबोर्डवाला माझा जिवलग मित्र, मूळचा धुळ्याचा. तो म्हणाला, "लावून तर बघ, मी ऐकतो." दुपारभर तो डोळे मिटून समोर बसला. एकेक सूर त्याने सावकाश वाजवायला लावला, काही पुन्हापुन्हा. मग म्हणाला, "भाऊ, या तारास्ना आवाज भारी शे. ह्याच ठेव." इतकं मन लावून माझं वाजवणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मी हरखलो.

पुढच्याच आठवड्यात धुळ्याला कार्यक्रम होता. मी स्टेजवर चढत होतो, तेवढ्यात ऑर्केस्ट्राच्या मालकांनी बाजूला घेतलं. "आजपासून बेस कीबोर्डवरच वाजेल. वाईट वाटून घेऊ नका." पहिलं गाणं सुरू झालं आणि मित्राच्या डाव्या हाताखालून माझाच आवाज आला, तसाच मऊ, तसाच दबका. त्या दुपारी तो माझ्यासाठी तारा निवडत नव्हता. माझा आवाज कीबोर्डवर कसा आणायचा ते बघत होता.

मध्यंतरात मी त्याला म्हणालो, "तेव्हाच सांगायचं होतंस."

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "सांगितलं असतं, तर वाजवून दाखवलं असतंस का?"

मी गिटार उचलली आणि बसस्टँडवर गेलो. त्यानंतर कितीतरी महिने ती खोळीतून बाहेर काढली नाही.