मायचं लुगडं

माझी बायको गेली त्याला नऊ महिने झाले होते आणि त्या नऊ महिन्यांत मी देवापुढे दिवा लावला नव्हता. खोटं कशाला लिहू? लोक म्हणत, म्हातारा दुःखानं खचला. मी खचलो नव्हतो, मला राग आला होता. मिरगाच्या पावसात ती तापात पडली. मी डोंगरातल्या देवीला हात जोडून जोडून थकलो, तरी ती गेलीच. त्या दिवशी मनात म्हटलं, देवी, आता तुझा-माझा संबंध संपला.

पण जाताना ती एक काम सांगून गेली होती. ओठ सुकलेले, आवाज नाही, तरी माझा हात धरून म्हणाली, "मायले तेवढं लुगडं देऊन या. हिरवं. म्या कबूल केलं व्हतं." हे काही नवं नव्हतं. आमची शांता जन्मली तेव्हापासून दरसाल ती हेच म्हणायची आणि दरसाल मी म्हणायचो, "जाऊ पुढच्या साली." पुढचं साल करता करता शांतेलाही लेकरं झाली. लुगडं तिनं कधीचंच घेऊन पेटीत ठेवलं होतं. ती गेल्यावर मी ते पाहिलं आणि पेटी लावून टाकली. जिनं माझ्या बायकोला वाचवलं नाही तिला लुगडं कायले द्यायचं, असं माझं म्हणणं. पण जेवायला बसलो की तो सुकलेला आवाज कानात येई आणि घास तोंडात फिरे. शेवटी फाल्गुन सरता सरता ठरवलं की जायचं. देवीसाठी नाही, हिच्या शब्दासाठी. देऊन टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

माय म्हणजे डोंगरातली देवी, हे मी धरूनच चाललो होतो. त्याचं कारण सांगतो. मी जन्मभर सडकेच्या गँगमध्ये काम केलं. शाळा दोन बुकांची, पण मुरूम कोणत्या खदानीतला हे हातात घेऊन सांगीन. मारेगावच्या पुढं डोंगरात लाकडाच्या गाड्यांसाठी आम्ही कच्ची सडक केली. मी गिट्टी पसरायचो, ती टोपलं वाहायची. पोटुशी होती. दिवस भरायच्या आधीच मुकादमानं मला दुसऱ्या मुक्कामावर पाठवलं. आठ-दहा दिवसांनी परत आलो तर झोपडीत ती आणि तिच्या कुशीत पोर. म्हणाली, "म्या मरतच व्हते. मायनं वाचवलं." आणि डोंगराकडं हात केला. तिकडं वर देवीचं ठाणं होतं. मी तिथूनच हात जोडले. पुढं काही विचारलं नाही. गँग उठली, आम्हीही उठलो.

त्या सडकेनं आता कोणी जात नाही. डांबरी सडक दुसऱ्या अंगानं गेली आणि आमचा मुरूम तसाच डोंगरात पडून राहिला. पायी जायला गुडघे ऐकत नव्हते, म्हणून बाजारात भाड्यानं सायकल देणाऱ्या चाचांकडं गेलो. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"बडे मियाँ, सायकल वापस येईन, का नुसते चाकं येतीन?"

"मी नाही आलो तं सायकल विकून माझी तेरवी करा."

चाचा हसले. ब्रेकचे रबर दाबून पाहिले आणि गंभीर झाले. "घिसले हायेत, संभालके जा. अन् एक ध्यानात ठेवा. मुरमावर हँडल कसून नका धरू. जो कसून धरते, थो पडते. हात ढिल्ला सोडा, चाक आपला रस्ता पाह्यते."

उजाडताच निघालो. मागच्या कॅरिअरवर लुगडं, हँडलला पिशवीत नारळ. गाव मागं पडलं, शेवटच्या कपाशीच्या शेताच्या बांधापासून आमची सडक सुरू झाली, आणि खरं सांगतो, नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. पुढं मोटार नाही, मागं बैलबंडी नाही. चाकाखाली मुरूम खरखर वाजत होता, तेवढाच आवाज. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे एकामागं एक डोंगर उघडे दिसत होते आणि मधूनमधून पळस पेटलेला. कुठं पावसानं सडक कापली होती तिथं सायकल उचलून घेतली, नाल्यात ढकलली, चढावर उतरून रेटली. घाम येत होता. एका वळणावर आम्ही हातानं रचलेला दगडांचा कठडा जसाच्या तसा उभा होता. दगड तिनं आणून दिलेले. तिथं मी बसलो. पाणी प्यालो. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. नऊ महिने ते येतच नव्हतं.

माथा ओलांडला आणि उतार लागला. मी ब्रेक दाबला तर मागचं चाक आडवं व्हायला लागलं. आणखी दाबला, रबर सुटून गेलं. एका बाजूला दरड, एका बाजूला खोल दरी. मी हँडल असं आवळलं की बोटं पांढरी पडली, आणि सायकल लटलट करायला लागली. तेव्हा चाचांचं बोलणं आठवलं. पण हात ढिला सोडणं सोपं नसते हो. सोडायचा तर कोणाच्या तरी भरवशावर सोडावा लागतो, आणि भरवसा तर मी तोडून बसलो होतो. तोंडातून आपोआप निघालं, "जाय माय, न्यायचं तिकडं ने." नऊ महिन्यांत देवाशी बोललेला हा पहिला शब्द. हात ढिले पडले. सायकल सरळ झाली. खाली सडकेला फाटा आहे. देवीच्या ठाण्याला उजवीकडं वळायचं होतं. सायकल डावीकडं गेली, उतरत उतरत नाल्याच्या रेतीत शिरली आणि उभी राहिली. मला खरचटलंसुद्धा नाही.

समोर मोहाची फुलं वेचणाऱ्या तीन-चार कोलाम आदिवासी बाया उभ्या. आधी घाबरल्या, मग हसायला लागल्या.

"आज्या, पुढच्या टायमाले सायकलीले बैल जुपून आण!"

मी कपडे झटकले आणि विचारलं, "मायचं ठाणं कुठी हाये?"

"माय? थे काय, त्या शेवटच्या घरी. आताच पेज पिऊन बसली."

मला वाटलं यांनी घरातच देवी मांडली असेल. सायकल ढकलत त्यांच्या वस्तीत, म्हणजे पोडात गेलो. शेवटच्या कुडाच्या घरापुढं एक जख्ख म्हातारी उन्हात बसली होती.

"कोण होय?"

"मारेगावचा हाओ. देवीचं ठाणं पाहून राह्यलो."

"मंग इकडं काहून आला? थे तं वर हाये."

"बाया म्हणाल्या, माय इथं हाये."

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "मलेच माय म्हणते साऱ्या. अर्धं पोड ह्या हातानं जन्मलं. तुह्या घरी कोण बाळंतीण हाये?"

"कोणी नाही," मी चिडून म्हणालो. "बायको मेली माही. तिचं लुगडं देवीले द्याचं हाये. हे, हिरवं."

तिनं लुगडं हातात घेतलं, डोळ्यांना दिसत नसावं म्हणून काठ बोटांनी चाचपला आणि पदर अगदी नाकाशी धरून पाहिला.

"तू त्या सडकीवालीचा नवरा होय का रे? तिची पायाळू पोरगी कशी हाये?"

मी तिथंच खाली बसलो. शांता पायाकडून जन्मली हे या डोंगरात कोणाला ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं. मग म्हातारीनं सांगितलं. सडकेवरच्या बाया माझ्या बायकोला मेली समजून रडत होत्या. म्हातारी धावत गेली, दोन दिवस तिच्यापाशी बसली, पोर पायाकडून ओढून काढलं. गुंडाळायला काही नव्हतं, तर अंगावरचं एकुलतं एक हिरवं लुगडं अर्धं फाडून दिलं. "थे म्हणाली, माय, तुले असंच नवं आणून देतो. म्या म्हटलं, आधी उठून तं बस! अन् आता आणते! या वयात हिरवं नेसून नवरी होऊ का मी?"

ती हसत होती आणि मी तिच्याकडं पाहत होतो. इतकी वर्षं आमच्या घरात एकच शब्द होता आणि तिची माय वेगळी, माझी माय वेगळी. मी डोंगराला हात जोडले तेव्हा तिला वाटलं असेल, याला समजलं. मी एकदा जरी विचारलं असतं, कोणती माय म्हणून, तर ती स्वतः येऊन हिच्या पाया पडली असती.

"नाव काय व्हतं तिचं?" म्हातारीनं विचारलं. "आमी सडकीवालीच म्हणो."

"शांतेची माय."

"थे तं पोरीचं नाव झालं. तिचं सांग."

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. मी कधीच घेतलं नव्हतं, ती मेली तेव्हाही नाही. "गोदा," मी म्हणालो. आणि जे नऊ महिने आलं नव्हतं ते आलं. म्हातारीनं मला थांबवलं नाही. नुसती पाठीवर हात फिरवत म्हणाली, "गोदा. चांगलं नाव हाये."

दुपारी तिची पेज पिऊन वर ठाण्यावर गेलो. शेंदूर फासलेला दगड, दुसरं काही नाही. नारळ फोडला. काही मागितलं नाही, भांडलोही नाही. ब्रेक काहून तुटला आणि चाक डावीकडंच काहून वळलं, हे मी कोणाशी वाद घालून सिद्ध करणार नाही. मला एवढंच कळते की मी माझ्या अकलेनं उजवीकडं गेलो असतो, तर लुगडं दगडावर वाहून मोकळा झालो असतो आणि गोदाचा शब्द तसाच राहून गेला असता. हात सोडला म्हणून पोचलो.

पुढं शांतेला घेऊन पुन्हा गेलो. म्हातारीनं तिच्या पायाचे तळवे दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "हेच पहिले आले व्हते." म्हातारी तेच हिरवं लुगडं नेसून बसली होती.

आता रोज दिवा लावतो. गोदाचं नाव मोठ्यानं घेतो. माय ऐकते. कोणती, ते मी आता विचारत नाही.