लांबच्या डेअरीचं दूध

साबणाच्या कारखान्यात धाकट्याला नोकरी लागली ती थोरल्याच्या पायांवर. थोरला, म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकत जिंकत परगावी एका बँकेत चिकटला होता. इकडे कारखान्या-कारखान्यांमधल्या वार्षिक शर्यतीसाठी साबणवाल्यांना माणूस हवा होता. पर्सनलचे साहेब शास्त्रीय वृत्तीचे. धावपटू जन्मावाच लागतो, असं त्यांचं मत होतं. थोरला मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याच आईबापांचा दुसरा नग उचलला. जरा पळून दाखव, असं कुणी म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, कारण धाकट्याला जिना चढतानाही धाप लागे.

कागद तिरका बसलेल्या वड्या पट्ट्यावरून बाजूला काढायच्या, हे त्याचं काम. ते एका जागी उभं राहून करायचं असल्यामुळे त्याला मनापासून आवडे. अट एकच होती. शर्यतीत पहिल्या तिघांत आला तर नोकरी कायम, नाहीतर नमस्कार.

घराण्याच्या रक्ताचे प्रवक्ते म्हणजे वडील. ते स्वतः उभ्या जन्मात बससाठीसुद्धा पळाले नव्हते. पण त्यांचे आजोबा एकदा पिसाळलेल्या बैलापुढे धावले होते आणि बैल हरला होता. साहेबांना त्यांनी ही हकीगत दोनदा ऐकवली. वर म्हणाले, "सराव-बिराव आमच्यात नाही हो. मुळात ज्याच्यात नसतं, त्यानं करायचा सराव."

साहेबांनी समाधानानं मान डोलावली. धाकटा मात्र अडकला. आता सराव करताना दिसणं म्हणजे गुन्हा कबूल करणं.

"साहेबांना खरं सांगून टाका," बायको म्हणाली.

"काय सांगू? सगळं रक्त थोरल्यातच संपलं म्हणून?"

"मग पळा."

"कुणी बघितलं म्हणजे?"

बायकोनं हातातल्या चादरीची घडी पुरी केली. "तलावापलीकडे डेअरी आहे ना, तिथून दूध आणायला जा. कुणी विचारलं तर सांगा, उशीर झालाय."

दुसऱ्या दिवसापासून धाकट्याला रोज पहाटे उशीर होऊ लागला. पहिल्या आठवड्यात तो तलावाच्या अलीकडेच बसायचा आणि घरी कोपऱ्यावरच्या दुकानातलं दूध यायचं. मग हळूहळू खरंच पलीकडचं येऊ लागलं.

"दुधासाठी एवढ्या लांब?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा हटकलंच.

"तिकडचं घट्ट असतं, काकू."

हे बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला काकूंची पिशवी लटकत होती. मग समोरच्या मास्तरांची, मग वरच्या मजल्यावरच्या जावा-जावांच्या दोन, कारण त्यांचं एकमेकींशी पटत नसे. धाकटा दोन्ही हातांत सगळ्या बिल्डिंगचं दूध घेऊन तलावाला वळसा घालू लागला. वाटेत दूध हिंदकळून त्यावर लोणी यायचं. काकू म्हणायच्या, घट्ट म्हणजे काय घट्ट!

शर्यतीत त्याचे हात रिकामे होते, त्यामुळे त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तरी तो तिसरा आला.

"बघा," वडील साहेबांना म्हणाले, "दूध आणण्यापलीकडे काही करत नाही हा. विचारा बिल्डिंगमध्ये." मास्तरांनी आणि काकूंनी शपथेवर सांगावं तसं सांगितलं, की याला व्यायाम करताना कुणी कधी पाहिलेलं नाही. साहेबांचा सिद्धांत सिद्ध झाला. त्यांनी धाकट्याला कायम केलं आणि त्याच झटक्यात, इतर खेळाडूंना सरावासाठी मिळणारी दोन तासांची सवलत याला गरज नाही म्हणून नाकारली. शर्यत मात्र दरवर्षी पळायची होती.

कौतुकासाठी थोरला दोन दिवस मुक्कामी आला. त्यानं कडीवरच्या पिशव्या पाहिल्या, मग धाकट्याच्या पोटऱ्या पाहिल्या.

"कधी उठतोस?" त्यानं हळूच विचारलं.

धाकट्यानं पोटऱ्या झाकून घेतल्या.

"मी शेजारच्यांचा कुत्रा फिरवायला न्यायचो," थोरला म्हणाला. "आठवतोय? तांबडा."

"तो दमून दमून गेला तो?"

"तो जन्मजात नव्हता."

"मग आधी का नाही बोललास?"

"मी एक पाऊल टाकायच्या आधीच बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं. त्यांना कसं खोटं पाडू?"

नोकरी पक्की झाली, आता उद्यापासून झोपायचं, असं धाकट्यानं ठरवलं होतं. पण पहाटे कडीला पिशव्या होत्याच. मास्तरांनी तर त्यांच्याकडे पाहुणे आलेत म्हणून दोन लावल्या होत्या. तो चपला शोधत होता तेवढ्यात सुटलेलं पोट सावरत थोरला उठला आणि त्यानं निम्म्या पिशव्या उचलल्या.

आवाजानं वडील दारात आले. "दुधाला दोघं कशाला?"

"जड होतं, बाबा," धाकटा म्हणाला, आणि दोघं जिना उतरू लागले.