पडद्याशिवायचा पाठ

"ही काय पेशंट आहे का? झाडूवाली आहे आपली. काढा तो पडदा, मोबाईलमध्ये काही दिसत नाही," सर म्हणाले. पोरी हसल्या.

मी खाटेवर पडले होते. साडी गुडघ्याच्या वर. मीपण हसले. सर हसले म्हणून हसले. तेवढंच अजून गिळवत नाही.

अमरावतीच्या एका नर्सिंग कॉलेजात मी झाडू-पोछा करते. भातकुलीहून एसटीने येते. चौथी शिकले. सात वर्षांपासून शिकवणाऱ्या मॅडम मलाच पेशंट करतात. आजारी माणसाला खाटेवर कसं पुसायचं, कूस कशी बदलायची, हे पोरी माझ्यावर शिकतात. मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात, पेशंटला विचारा, पडदा ओढा, मग हात लावा. स्वतःही तसंच वागतात. "काकू, पाय उचलू का?" विचारल्याशिवाय कधी हात लावला नाही.

यंदा संस्थेच्या सरांनी पाठांचे मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचे ठरवले. मॅडम छप्पन वर्षांच्या. रिकाम्या वर्गात मोबाईलसमोर एकट्याच बोलून बघायच्या. अडखळायच्या. पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी सरांनी पडदा ढकलला, तेव्हा मॅडमचा हात पाण्याच्या भांड्यात तसाच राहिला.

व्हिडिओ पोरींच्या ग्रुपवर गेला. तिथून आमच्या गावात. नात्यातला एक दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, मोबाईलमंदी भारी दिसून राहिल्या तुमी." आठ दिवस मी नळावर गेले नाही. आंघोळ करतानाही अंगाकडे बघवेना.

पुढच्या पाठाला सर म्हणाले, "चल, पड."

मी उभीच. फरशीकडे बघत बोलले, "पडदा लावा. मंग पडीन."

"तुझं काय ठेवलंय बघण्यासारखं?"

"काई नाई ना? मंग साऱ्या गावाले काहून दाखोलं?"

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमनी पडदा ओढला. "सर, मी बोलून शिकवीन. मोबाईलमध्ये आवाज जाईल तेवढा पुरे." मग हळूच मला म्हणाल्या, "काकू, त्या दिवशी मी गप्प बसले." मी त्यांना 'राहू द्या' म्हटलं नाही.

पहिला व्हिडिओ अजून आहे. सर म्हणतात, जुना झाला, कोण बघतो. सोमवारी ऑफिसात जाऊन म्हटलं, पुसा. मंगळवारीही गेले. सर कामात आहेत म्हणे. आता माझ्या हाताने अर्ज लिहिला आहे. चुका असतील. उद्या तो भर वर्गात, पोरींसमोर वाचणार. काम गेलं तर जाऊ दे. ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलमध्ये तो आहे, त्या एकेकासमोर उभी राहीन आणि पुसायला लावीन.