मंजूषाताईंची नांगरट

मंजूषाताई हट्टाला पेटल्या की भोपाळच्या सोनागिरी वस्तीत कुणाचं काही चालत नसे. चौतीस वर्षं कारखान्यात त्यांनी सुटे भाग तपासले. केसाएवढा फरक दिसला, की साहेबाच्या तोंडावर माल परत! निवृत्त झाल्या आणि वडिलांचा पन्नास वर्षांचा छोटा ट्रॅक्टर घेऊन शहराबाहेरची दोन एकर स्वतः कसायला निघाल्या. धाकट्या भावाला, प्रसादला, हे मुळीच पटलं नव्हतं. ट्रॅक्टर भंगारात काढायचा आणि जमीन ठेक्यावर द्यायची, हे त्याचं ठरलेलं.

"आज नांगरट जमली नाही, तर उद्या भंगारवाला येईल," त्यानं बजावलं आणि बांधावर जाऊन बसला.

"येऊ दे की!" ताई म्हणाल्या.

पण झालं भलतंच. पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली चरी, झकास पडलं. दुसऱ्या तासाला मात्र नांगराचा उजवा फाळ खोल रुतायचा, डावा नुसती माती खरवडायचा. इंजिन धापा टाकायला लागलं.

"ताई, मान जा ना. कारखान्यातलं शहाणपण शेतात नाही चालत. डाव्या बाजूला धोंडा तरी बांध."

"धोंडा तुझ्या डोक्यात! नांगर सरळ आहे. सकाळी अंगणातल्या फरशीवर स्पिरिट लेव्हल लावून बघितलाय मी."

त्या तणतणत खाली उतरल्या, मागे गेल्या आणि वाकून बघितलं. ट्रॅक्टरचं उजवं चाक पहिल्या तासात उतरलं होतं. अख्खा ट्रॅक्टरच उजवीकडे कलला होता, आणि त्याच्याबरोबर नांगरही. फरशीवर कसलं आलंय तास! अगं बाई, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि ही घोडचूक आपली? ताईंचे कान तापले.

"प्रसाद, चुकलं माझं. विटा आण."

तास सहा इंच खोल होतं. सपाट जागी त्यांनी डावी दोन्ही चाकं एकावर एक ठेवलेल्या दोन-दोन तीन इंची विटांवर चढवली, आणि ट्रॅक्टर तसा कललेला असतानाच नांगर पुन्हा सरळ केला. मग तासात चाक घालून निघाल्या. दोन्ही फाळ सारखे बसले, काळी माती भराभरा उलटत गेली.

आता बांधावर चार माणसं जमली होती. प्रसाद धावत आला. "ताई, उतर आता. बाकीचं मी करतो. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना सांग, चूक माझी होती, आणि ट्रॅक्टरही माझाच आहे. हो बाजूला!"