शर्टाची पिशवी

आज मंडईत माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट शेजारच्या सुमनवहिनींच्या हातात दिसला. खिशातून कोथिंबीर डोकावत होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोने प्लास्टिकच्या डब्यांऐवजी माझ्या जुन्या शर्टांच्या पिशव्या शिवून वाण म्हणून लुटल्या होत्या. त्या शर्टांत माझं पोट मावत नव्हतं, त्यामुळे मला मत नव्हतं.

"यंदा चिंध्या का हो?" सुमनवहिनींनी सगळ्यांदेखत विचारलं होतं.

"हो, आणि पुढच्या वर्षीही चिंध्याच," बायको म्हणाली. बायका हसल्या. आता आपल्याकडे कोण येणार, म्हणून मी आतल्या खोलीत घाबरलो होतो.

चांगल्या रीती अशाच सुरू होत असाव्यात, आधी स्वतःचं हसं करून घेऊन.

घरी येऊन बायकोला मंडईतलं सांगितलं. तिने माझ्या अंगातल्या शर्टाचं कापड चाचपून पाहिलं.

"हा पुढच्या संक्रांतीला होईल."